तीर्थासोबतची गोळी

कापूस वेचणीला आला की आमच्या कुंभार पिंपळगावात दिवसा माणूस सापडत नाही. त्यामुळे दिवाळी अंकाची प्रुफं रात्रीच वाचून होतात. सकाळी डोळे चोळत उठावं तर देवघरात आत्या. तिला कित्येक वर्षांची शुगर. पूजा आटोपली की पळीभर तीर्थ तळहातावर घ्यायचं आणि त्यासोबतच गोळी गिळायची, हा तिचा नेम. एकदा मला हसू आलं, तर म्हणाली, "गोळी इसरंल रे, तीर्थ न्हाई इसरायचं." यंदाच्या अंकाचा विषय तिथंच ठरला : दुखणं आणि देव.

जांब समर्थ इथून जवळच. 1608च्या रामनवमीला समर्थ रामदासांचा जन्म तिथला. दासबोधाच्या तिसऱ्या दशकातला सहावा समास पुन्हा वाचला. वैराग्य सांगायला बसलेला हा माणूस देहाच्या व्याधी वैद्याच्या वहीसारख्या एकामागून एक मोजत जातो. खरूज, देवी, गोवर, नारू. त्यातल्या देवी देशातून 1975 साली गेल्या, त्या लसीमुळे. नारूतून देश 2000 साली मुक्त जाहीर झाला, तो पाणी गाळून प्यायल्यानं आणि पायऱ्यांच्या विहिरींतली वर्दळ थांबल्यानं. नवसानं यातलं काही गेलं नाही, हे संपादकीयात स्पष्टच लिहिलेलं बरं. आज आपल्या घराघरांतली यादी वेगळी आहे : शुगर, बीपी, किडनी. ही दुखणी बहुधा जन्माची सोबत करतात. नवस फेडता येतो, शुगर फिटत नाही.

मग श्रद्धेचं काम काय उरतं?

समर्थांच्या आई राणूबाई यांची कथा इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगा लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेला, वाट बघून आईची दृष्टी गेली, चोवीस वर्षांनी तो परतला, त्यानं डोळ्यांवरून हात फिरवला आणि तिला दिसू लागलं. कीर्तनकार त्या हाताशी येऊन थांबतात. मला मात्र अलीकडे आधीची वर्षं खुणावतात. चूल तीच, राम तोच, आणि समोर अंधार. ती बाई रोज सकाळी कशाच्या बळावर उठत असेल? त्यावर कुणी कीर्तन करत नाही.

आणि ते बळच सुटलं तर? केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 596 आजारी ज्येष्ठांचा दोन वर्षं मागोवा घेतला. अभ्यास 2001 साली छापला गेला. 'देवानं मला टाकलं', 'त्याचं माझ्यावरचं प्रेम आटलं' असं ज्यांच्या मनानं घेतलं होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका अधिक दिसला. त्यावरून कारण सिद्ध होत नाही, हे खरंच. पण वाचताना मला आमचे पाहुणे आठवले. आजाऱ्याच्या मनात हा विचार यायची वाटही आपण बघत नाही. भेटायला आलेला माणूस ओट्यावर टेकायच्या आत विचारतो, "कुलदैवताचं काही राहून गेलंय का?" आधीच डायलिसिसला जाऊन-येऊन पिचलेला जीव! त्याच्या उशाशी पाप-पुण्याचा हिशेब मांडणाऱ्याला मी भाविक मानत नाही.

दुसरी अडचण उपासाची. एकादशीला दिवसभर साबुदाणा खाल्ला की शुगर चढते, आणि काहीच न खाता नेहमीची गोळी घेतली की शुगर घसरून घाम फुटतो, हातपाय कापतात. डॉक्टर उपासाचं विचारत नाहीत, बायका आपणहून सांगत नाहीत. या अंकातला एक लेख तेवढ्याचसाठी मागवून घेतला आहे. बाकी कथा, कविता आणि गावगप्पा नेहमीसारख्या आहेतच.

हे लिहिताना आत्या मागं येऊन उभी राहिली. कार्तिकी जवळ आलीय. म्हणाली, "डाक्टरला फोन लावशील तवा इचारून ठेव, एकादशीला गोळी अर्धी घ्यायची का पुरी."