वस्तरा, नियम आणि नाभिक बांधव

करोनाच्या टाळेबंदीत तीन महिने बंद राहिलेली केशकर्तनालये उघडण्यास महाराष्ट्र शासनाने २८ जून २०२० पासून परवानगी दिली. अट अशी की केस कापा, दाढी नको; दर गिऱ्हाइकामागे खुर्ची निर्जंतुक करा. नियम रास्तच होता. पण खर्च कोणाच्या माथी? गल्ला रिकामा असलेल्या नाभिक बांधवाच्याच!

करोना ओसरला, वस्तऱ्याचा धोका ओसरलेला नाही. 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकू शकतो. म्हणून दर दाढीला नवे पाते, तेही आपल्यासमोर बसवलेले, हा आग्रह आपण धरलाच पाहिजे. पण दिवसभर परक्या रक्ताशी गाठ पडते ती कारागिराची. या काविळीवर लस आहे. ती त्याला मोफत मिळावी, अशी आमची मागणी आहे.

मुंबई असो की म्हैसूर जिल्ह्यातील बन्नूर, परवाना शुल्क घेणाऱ्या संस्थेने पाणी पुरवावे, वापरलेली पाती वेगळी उचलावीत. नुसता दंडाचा बडगा नको.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी आरंभी रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केली. विधवांच्या केशवपनाविरुद्ध १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी संप केला, तो त्यांच्याच पुढाकाराने. हे नाते आपण विसरता कामा नये.

तेव्हा बंधूंनो, नव्या पात्याचे दोन रुपये जास्त पडले तर घासाघीस करू नका. आपल्या शाखांनी नाभिक बांधवांच्या मागण्यांना ठरावाने पाठिंबा द्यावा. सुरक्षित काम हा केवळ पगारदारांचा हक्क नव्हे!