मोकळा प्रश्न, खरे शिक्षण

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेल्या पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाने पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह कक्षेत सोडला. अवकाशात त्याची दिशा राखण्यासाठी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचाच आधार घेण्याची योजना होती. अशा कामाचे उत्तर गाइडमध्ये सापडत नाही. आपल्याला काय येत नाही हे ओळखायचे, ते कुठून शिकायचे हे ठरवायचे आणि केलेले बरोबर आहे का हे स्वतः तपासायचे. प्रौढशिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी १९७५ मध्ये स्वयंअध्ययनाची मांडणी केली, तीत या पायऱ्या आहेत.

असे अनुभव मात्र बहुधा हौशी क्लबांपुरते राहतात. एरवीच्या प्रयोगशाळेत उत्तर आधीच ठाऊक असते, जर्नल मागच्या वर्षीच्या फाइलवरून उतरते आणि परीक्षेआधी ‘आयएमपी’ प्रश्नांची शोधाशोध सुरू होते. याचा दोष मुलांच्या आळसाला देऊन भागणार नाही. गुण ज्यावर मिळतात, त्यावरच विद्यार्थी वेळ घालवतो.

साधनांची वानवा नाही. एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाची व्याख्याने अनेक वर्षे मोफत उपलब्ध आहेत. २०१८च्या आदर्श अभ्यासक्रमात अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) अभियांत्रिकी पदवीचे श्रेयांक १६०वर आणले. पण मोकळे झालेले तास जादा वर्गांनी भरले, तर त्या कपातीला अर्थ उरत नाही. ऑनलाइन कोर्सही केवळ प्रमाणपत्रासाठी केला, तर तो आणखी एक सबमिशन ठरतो.

म्हणून बदल मूल्यमापनापासून व्हावा. प्रत्येक सत्रात निदान एका विषयाच्या टर्मवर्कमध्ये प्रश्न किंवा तो सोडवण्याची पद्धत विद्यार्थ्याने निवडावी. सुबक जर्नलऐवजी तारीखवार नोंदवही तपासावी. त्यात फसलेली जोडणी, चुकलेले गृहीतक आणि पुढे केलेली दुरुस्ती यांना गुण असावेत. तोंडी परीक्षेत व्याख्येपेक्षा ‘हाच मार्ग का निवडला?’ हे विचारावे.

सगळ्यांना एकदम मोकळे सोडणे मात्र अन्यायाचे होईल. मराठी माध्यमातून आलेल्या, इंग्रजी संदर्भग्रंथांशी झगडणाऱ्या प्रथम वर्षाच्या मुलीला आधी वाट दाखवणारे कोणी हवे. त्यामुळे प्रथम वर्षात प्रश्न शिक्षकांनी द्यावा, पद्धत विद्यार्थ्यांनी निवडावी. तिसऱ्या वर्षापर्यंत दोन्ही त्यांच्याकडे जावे. स्वयंअध्ययन म्हणजे शिक्षकाविना अध्ययन नव्हे. उलट साठ जणांना एकच उत्तर सांगण्यापेक्षा साठ वेगळ्या वाटांकडे लक्ष ठेवणे अधिक कष्टाचे आहे. हे तास शिक्षकांच्या कार्यभारात धरले नाहीत, तर उत्तम योजनाही कागदावर राहील.

आज शिकवलेले सॉफ्टवेअर पदवी हाती येईपर्यंत जुने होऊ शकते. नवे स्वतःहून शिकण्याची सवय मात्र नोकरीच्या अखेरच्या दिवसापर्यंत कामी येते. तिला वेळापत्रकात जागा आणि गुणपत्रिकेत वजन देणे विद्यापीठांच्या हातात आहे. त्याची सुरुवात पुढच्याच सत्रापासून करता येईल.