पटापुरते अनुदान

भुशी हे नाव महाराष्ट्राच्या कानावर येते ते पावसाळ्यात. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून रेल्वेने बांधलेल्या येथील धरणावर दर रविवारी पुण्या-मुंबईची गर्दी लोटते आणि लोणावळ्यात किती पाऊस झाला याची ठळक बातमी होते. त्याच पावसात मावळातील प्राथमिक शाळा चार महिने उभ्या असतात. बहुतेक वर्षी येथे ४,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. भिंतींना ओल धरते, पत्रे गंजतात, ओलसर फळ्यावर खडू उमटत नाही. या शाळांना वर्षभराच्या देखभालीसाठी शासनाकडून जे अनुदान मिळते त्याच्या हिशोबात मात्र या पावसाला कोठेही जागा नाही.

समग्र शिक्षा योजनेखाली मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, एकतीस ते शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. उरलेल्या पैशात मोडके साहित्य बदलायचे, विजेचे आणि पाण्याचे बिल भरायचे, खेळाचे व शिकवण्याचे साहित्य आणायचे आणि इमारतीची डागडुजीही करायची. नाणे मावळात किंवा पवन मावळात डोंगराच्या कुशीतील ठाकर-कातकरी वस्तीवर पंधरा-वीस मुलांची शाळा असेल, तर तिच्या वाट्याला स्वच्छतेचा भाग वजा जाता महिन्याला साडेसातशे रुपये येतात. तेवढ्या रकमेत छपराचे किती पत्रे बदलता येतात, हे मंत्रालयातील कोणत्याही अधिकाऱ्याने कामशेतच्या बाजारात जाऊन विचारावे. पट कमी म्हणून शाळेचे छप्पर लहान होत नाही, आणि बारामतीच्या कोरड्या माळावर व मावळाच्या घाटमाथ्यावर पाऊस सारखा पडत नाही, ही गोष्ट समजण्यास आयोग नेमण्याची गरज नाही.

एकसारख्या दराच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो सर्वस्वी पोकळ नाही. दर ठरलेला असला की आमदाराच्या दारी जावे लागत नाही, मर्जीतल्या गावाला जास्त आणि विरोधकांच्या गावाला कमी असे सहजी करता येत नाही. म्हणून किमान रक्कम ठरलेली असावी, याबद्दल वाद नाही. परंतु किमान रक्कम हीच कमाल होऊन बसली आहे, आणि तेथे कायद्याचाच भंग होतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा तयार करावयाचा आहे आणि शासनाने द्यावयाच्या अनुदानाचा आधार हाच आराखडा असावा, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, हेही कायदाच सांगतो. म्हणजे गरज गावाने सांगावी आणि पैसा त्या गरजेमागे यावा. प्रत्यक्षात आकडा वरून येतो आणि आराखडा मागाहून त्या आकड्यात कोंबला जातो.

वरून आखलेल्या योजनेची फलश्रुती काय होते, ते २०२४ साली गणवेशाच्या प्रकरणात राज्याने पाहिले. तोवर गणवेशाची रक्कम शाळा समितीकडे येत असे आणि स्थानिक शिंप्याकडून काम होत असे. राज्यभर एकच कापड, एकच गणवेश अशी टूम निघाली. निम्मे वर्ष उलटले तरी अनेक शाळांत गणवेश पोहोचला नव्हता, आणि पोहोचला तेथे मापे चुकलेली होती. त्याच वर्षी डिसेंबरात शासनाला हा अधिकार पुन्हा समित्यांकडे द्यावा लागला. मधल्या काळात मुले जुन्याच कपड्यांत शाळेत आली, त्याचा जाब कोणालाही विचारला गेला नाही.

दिल्लीच्या हातात तर अनुदान हे लगाम झाले आहे. समग्र शिक्षेचा ६० टक्के वाटा केंद्राचा. पीएम श्री योजनेच्या करारावर सही केली नाही म्हणून २०२४-२५ साली तमिळनाडूचे २,१५२ कोटी रुपये केंद्राने अडवले. महाराष्ट्राने सही केली, म्हणून येथे ओरड झाली नाही इतकेच. खर्चाची जबाबदारी केंद्र व राज्य यांची समाईक आहे, असे कलम ७ सांगते. समाईक जबाबदारीत एकाने दुसऱ्याला अटी घालून कोंडीत धरावे, असे त्यात कोठेही नाही.

सरकारजवळ पैसा नाही, ही सबब भुशीत तरी टिकणारी नाही. धरणापलीकडे नौदलाच्या आयएनएस शिवाजी तळावर केंद्रीय विद्यालय आहे आणि त्याचा सारा खर्च केंद्र सरकार करते. नौसैनिकांच्या मुलांना चांगली शाळा मिळते, ही उचितच गोष्ट आहे. परंतु जे सरकार एका शाळेचा पगारापासून प्रयोगशाळेपर्यंतचा संपूर्ण भार उचलते, तेच सरकार काही मैलांवरच्या वस्तीशाळेपुढे दहा हजारांची पुडी ठेवते, तेव्हा प्रश्न तिजोरीचा नसून कोणाचे मूल आपले मानायचे याचा असतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी नेमके हेच मांडले होते: महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गावर.

आता दात्यांना पुढे केले जात आहे. सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने कंपन्यांना व व्यक्तींना शाळा दत्तक घेण्याची मुभा दिली. ठरावीक मोलाची मदत केली की दात्याने सुचवलेले नाव शाळेच्या नावाला जोडता येते. तळेगाव-चाकणचे कारखाने शेजारी असल्याने मावळात ही योजना आकर्षक वाटेल. पण दाता मोटार जाईल तेथेच जातो. त्याला रंगवलेली भिंत आणि संगणकाची खोली दाखवायची असते. गळती काढण्याचे श्रेय छायाचित्रात दिसत नाही. त्याच महिन्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मिटवून समूह शाळा उभारण्याचे प्रस्तावही मागवले गेले, आणि पुणे जिल्ह्यातीलच पानशेतचे उदाहरण पुढे ठेवण्यात आले. एका किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हा मुलाचा हक्क आहे. आषाढात ओढे भरलेले असताना सहा वर्षांची मुलगी समूह शाळेच्या गाडीपर्यंत कशी पोहोचेल, याचे उत्तर प्रस्ताव मागवणाऱ्यांनी दिलेले नाही. आधी अनुदानाअभावी शाळा गळू द्यायची, मुले गळाली की पट कमी म्हणून अनुदान कमी करायचे आणि शेवटी पटाकडे बोट दाखवून शाळाच उचलायची, असा हा क्रम आहे.

मावळातील कार्यकर्त्यांना यात करण्याजोगे काम पुष्कळ आहे. प्रत्येक वस्तीवरील शाळा समितीची बैठक खरोखर भरते की केवळ वहीत सह्या होतात, ते पाहावे. आराखड्यात छपराचे माप, गळतीच्या जागा, थकलेले वीजबिल आणि पावसात बंद पडणारी वाट यांची नोंद पालकांकडून करवून घ्यावी. तो ग्रामसभेत वाचून संमत करावा आणि आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी पंचायत समितीला देऊन पोच घ्यावी. लोणावळ्यात हेच नगरपरिषदेच्या शाळांसाठी करता येईल. पर्यटकांच्या गर्दीवर जगणाऱ्या शहराने आपल्या अंदाजपत्रकात शाळांच्या छपरासाठी स्वतंत्र रक्कम धरावी, ही मागणी प्रत्येक नगरसेवकापुढे ठेवता येईल. राज्य सरकारकडे मागणी एकच: पटाचा दर किमान म्हणून ठेवा, आणि त्यावर पाऊस, अंतर व इमारतीचे वय पाहून आराखड्याप्रमाणे रक्कम द्या, ती मार्चअखेर घाईने उधळण्यासाठी नव्हे, तर पत्रे बदलता येतील अशा बेताने, मृगापूर्वी द्या.