माजघर : सरबताच्या जुन्या बाटल्या

रातांबे उतरू लागले, कैऱ्याही भरल्या. आता घरोघर आगळ, अमृतकोकम आणि पन्ह्याची गडबड सुरू होईल आणि माळ्यावरच्या रिकाम्या बाटल्या खाली येतील. कमी पडल्या तर भंगारवाल्याकडून बियरच्या बाटल्या आणायच्या, ही कोकणातली जुनी रीत. त्यात वावगे काही नाही. बाटली जाड काचेची असते आणि नीट धुऊन उकळली तर सरबताला उत्तम चालते.

मात्र बाटलीत आधी काय होते, ते अगोदर विचारा. शेतकऱ्याच्या घरात तर हे विचारलेच पाहिजे. फवारणीच्या औषधाची बाटली दिसायला छान असते, झाकणही घट्ट बसते, म्हणून टाकवत नाही. ती सात पाण्यांनी धुतली तरी खाण्यापिण्यासाठी घ्यायची नाही. उकळण्याने जंतू मरतात, पण विष निघून गेल्याची खात्री देता येत नाही. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली. त्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. तेल औषधाच्या रिकाम्या डब्यात ठेवले असावे, असा तपास करणाऱ्यांचा संशय होता. रॉकेल, फिनेल, ॲसिड यांच्या बाटल्यांनाही हाच नियम. जिचा पूर्वेतिहास माहीत नाही, तीही बाजूला काढा. तोंडाचा टवका उडालेली किंवा बारीक तडा गेलेली बाटलीही नको.

राहिलेल्या बाटल्या रात्रभर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून ठेवा. कागद आपोआप सुटतो, तळाचे किटणही मऊ होते. सकाळी लांब दांड्याच्या ब्रशने घासा. ब्रश पोचत नसेल तर मूठभर तांदूळ आणि थोडे पाणी घालून बाटली जोरजोराने हलवा. वाळू घालू नका, तिने काचेला ओरखडे पडतात आणि त्यांत घाण धरते. तीन-चार पाण्यांनी खळबळल्यावर बाटली उजेडात तिरपी धरून पाहा. पाणी सगळीकडे सारखे पसरून ओघळले तर काच स्वच्छ. थेंब थेंब होऊन चिकटून राहिले तर आत तेलकटपणा आहे, पुन्हा सोडा घ्या.

एवढ्याने बाटली स्वच्छ झाली, निर्जंतुक झाली नाही. पुष्कळ घरी इथेच चुकते. बाटल्या चकचकीत दिसतात, उन्हात वाळतात आणि लगेच भरल्या जातात. उलट काही जणी न घासताच उकळतात, तेही फुकट. किटणाखाली दडलेल्या जंतूंना ते किटणच सांभाळते.

उकळण्यासाठी मोठ्या पातेल्याच्या तळाशी जाड फडके घाला, म्हणजे बाटल्या तळावर आपटत नाहीत. बाटल्यांत पाणी भरून त्या आडव्या ठेवा, वर पाणी येऊ द्या आणि गार पाण्यापासूनच तापवा. उकळत्या पाण्यात गार बाटली सोडली तर तडकलीच म्हणून समजा. पाण्याला उकळी फुटल्यापासून दहा मिनिटे मोजा. घाटमाथ्यावर उंचावर राहणाऱ्यांनी आणखी पाच, कारण तिथे पाणी कमी उष्णतेवरच उकळते.

चिमट्याने काढून बाटल्या धुतलेल्या फडक्यावर उपड्या घाला. आत कपडा घालून पुसू नका. शिजवलेले पन्हे गरम असतानाच गरम बाटलीत भरायचे, बाटली लाकडी पाटावर ठेवून. ओल्या गार ओट्यावर नको. आगळ आणि उन्हातले अमृतकोकम मात्र पूर्ण कोरड्या, गार बाटलीत. आगळ मिठावर टिकते, अमृतकोकम साखरेवर. आत पाण्याचे चार थेंब राहिले की तिथला पाक पातळ होतो आणि बुरशीला जागा मिळते.

बुचाच्या बाबतीत काटकसर नको. जुन्या बुचाची भोके आंबट रस पितात, ती उकळूनही भरवशाची होत नाहीत. बियरचे पत्र्याचे झाकण एकदा उघडले की पुन्हा घट्ट बसत नाही. नवे बूच आणा, तेही उकळून वाळवा. आगळाला पत्र्याचे झाकण मुळीच लावू नका, मीठ आणि आंबट यांनी ते गंजते.

भरलेल्या बाटलीवर तारीख चिकटवा. पुढे कधी एखाद्या बाटलीतून बुडबुडे वर येताना दिसले किंवा बूच आपोआप उचलले गेले, तर आतला पाक आंबू लागला आहे. वायू कोंडून बाटली फुटू शकते. मुलांना दूर करा, तोंडावर जाड फडके धरून बूच हळूच सैल करा आणि ते सरबत ओतून टाका.