शेवाळ, पायऱ्या आणि ब्रश

पाऊस सुरू झाला, की गृहसंकुलातील जलतरण तलावाच्या पायऱ्यांवर हिरवट छटा दिसू लागते. व्यवस्थापन समितीतील व्यापारी मंडळी त्यावर व्यवहारी तोडगा काढतात : दुकानातून तारेचा दणकट ब्रश आणावा आणि माणसाकडून तलाव एकदाच कसून घासून घ्यावा. मालाची पारख करण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्याकडूनच येथे बहुधा चूक होते. ब्रशाची निवड शेवाळ किती चिवट आहे यावर नव्हे, तर तलावाचा आतला पृष्ठभाग कोणता आहे यावर ठरते.

महाराष्ट्रातील बहुतेक संकुलांत तलावाला आतून चकचकीत फरशी बसवलेली असते. तिच्यासाठी नायलॉनच्या तंतूंचा ब्रशच योग्य. पोलादी तार फरशीच्या झिलईवर ओरखडे पाडते आणि सांध्यांतील सिमेंट कोरून काढते. मग त्याच ओरखड्यांत आणि उघड्या सांध्यांत शेवाळाला पूर्वीपेक्षा अधिक सुरक्षित आसरा मिळतो. ब्रशावर वाचवलेले पैसे नंतर सांधे पुन्हा भरताना कित्येक पटींनी जातात, शिवाय त्यासाठी तलाव रिकामा करावा लागतो, म्हणजे पाण्याचाही अपव्यय होतो. फायबरच्या किंवा रंग दिलेल्या तलावालाही नायलॉनच हवा. तारेचा ब्रश शोभतो तो केवळ सिमेंटच्या उघड्या गिलाव्यावर, तोही काळे डाग खोल रुतले असतील तेव्हाच. तेथेसुद्धा तार स्टेनलेस असावी. साध्या लोखंडी तारेचे तुकडे तळाशी पडून गंजतात आणि तांबूस डाग मागे ठेवतात.

जैन कुटुंबाच्या दृष्टीने मात्र प्रश्न येथे संपत नाही. इरियावहियं सूत्रात ज्या जीवांच्या विराधनेबद्दल क्षमा मागितली जाते, त्यांत ‘पणग’ येते. शेवाळ ही साधारण वनस्पती, म्हणजे एका शरीरात अनंत जीव. पायरीवरचा हिरवा थर घासून काढणे ही आरंभी हिंसा आहे. ती टाळण्यासाठी थर तसाच ठेवावा, तर निसरड्या पायरीवरून एखादे मूल किंवा वृद्ध घसरण्याची भीती. आणि गढूळ पाण्यात तळाशी गेलेले मूल काठावरून दिसतही नाही. तलावच नसता तर बरे, असे एखादे आजोबा म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. परंतु बांधून झालेल्या तलावापुरता यतनेचा मार्ग एकच : शेवाळ उगवूच द्यायचे नाही. पाण्यातील क्लोरीन दशलक्ष भागांत १ ते ३ भाग आणि सामू ७.२ ते ७.८ राखला, पाणी रोज गाळून फिरते ठेवले आणि भिंतींवरून आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा, मऊ ब्रश फिरवला, तर थर धरण्याची वेळ सहसा येत नाही. हिरवा रंग दिसल्यावर घासणे म्हणजे अनंतपटींनी वाढलेल्या जीवांची विराधना. वेळीच फिरवलेला नायलॉनचा ब्रश हा म्हणूनच केवळ स्वच्छतेचा विषय उरत नाही.

खरेदीच्या वेळी काही गोष्टी हाताने पाहाव्यात. मोठ्या तलावासाठी सुमारे १८ इंच रुंदीचा, टोके वर वळलेला ब्रश बरा, कारण तो भिंत आणि तळ यांच्या गोलाईत नीट बसतो. पाठ नुसत्या प्लास्टिकची असेल, तर लांब दांड्याने दाबताना ती वाकते आणि ब्रश सर्वत्र सारखा टेकत नाही. पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी असलेला टिकतो. पायऱ्यांचे कोपरे आणि शिडीमागची जागा यांसाठी लहान ब्रश वेगळा हवा. पाणी तेथे कमी फिरते आणि शेवाळाची सुरुवात तेथूनच होते.

तंतू कशाचे आहेत, हेही विचारावे. तलावाचे ब्रश बहुधा कृत्रिम तंतूंचे असतात, पण त्याच दुकानातील रंगाच्या कित्येक ब्रशांत डुकराचे केस असतात. शंका असल्यास एक तंतू जाळून पाहावा : नायलॉन वितळून त्याची कडक गुठळी होते, केस मात्र जळक्या केसांचा वास देतो आणि राख होऊन चुरतो.

घासण्यापूर्वी पाण्यावर तरंगणारे किडे व मुंग्या जाळीने अलगद उचलून कोरड्या पानांवर सोडाव्यात. रात्री तलावाचे दिवे विनाकारण चालू नसतील, तर असे जीव मुळात कमी येतात. मग पाण्याच्या रेषेपासून खाली, उथळ बाजूकडून खोल बाजूकडे, एका पट्ट्यावर दुसरा थोडा चढवत ब्रश ओढावा आणि त्या वेळी गाळणयंत्र चालू ठेवावे. पाण्याच्या रेषेवरचा तेलकट पट्टा हा डोक्याला लावलेल्या तेलाचा असतो. त्याला ब्रश नव्हे, मऊ स्पंज लागतो.

हे काम करणारा माणूस बहुतेक वेळा कंत्राटदाराचा असतो आणि हातमोजे त्याला क्वचितच मिळतात. डाग लवकर निघावा म्हणून तो आम्ल ओततो. आम्ल आणि क्लोरीन एकत्र आले, की श्वास कोंडणारा विषारी वायू सुटतो. तेव्हा ही दोन द्रव्ये एकाच खोलीत ठेवू नयेत, ही सूचना समितीने लेखी द्यावी आणि हातमोज्यांचा खर्च स्वतः उचलावा.

काम झाल्यावर ब्रश साध्या पाण्याने धुऊन सावलीत टांगावा. क्लोरीन आणि ऊन दोन्ही नायलॉनला ठिसूळ करतात. तंतू एका बाजूला झोपलेले दिसले, की तो ब्रश बाद करावा. तोच पुढे न्हाणीघरासाठी वापरायला हरकत नाही, मात्र न्हाणीघरात गेलेला ब्रश पुन्हा तलावात येऊ नये.