आजीचे मांडे सपाट का?

तेल्हाऱ्याला आमच्या घरात समोरच्या खोलीत एक बेचाळीस इंची टीव्ही आहे. २०१२च्या दिवाळीत बाबांनी तो अकोल्याहून आणला. कापसाचे पैसे हातात होते आणि दुकानदार बोलका होता. त्यानं बाबांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि पडद्यावर मासे सोडले. एक मासा सरळ नाकापर्यंत आला, तसे बाबा मागे सरकले. "बाप्पा, हे त अंगावरच आलं!" सौदा तिथंच झाला. टीव्हीबरोबर चार चष्मे फुकट मिळाले.

मासे मात्र दुकानातच राहिले, कारण ती डेमोची डिस्क होती. घरी केबलवर जे दिसायचं ते सगळं साधं, सपाट. रिमोटवरचं 'थ्रीडी' लिहिलेलं बटण दाबलं की मालिकेतल्या सासूचे दोन तुकडे व्हायचे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दोन महिन्यांत चष्मे ड्रॉवरमध्ये गेले. पुढे घरी कुणी आलं की विचारायचं, "काहो, तुमचा तो चष्म्याचा टीव्ही चालते का?" आणि हसायचं.

दुसरी गोष्ट २०१४ची. त्याच घराच्या मागच्या अंगणात आजी मांडे करत होती. चुलीवर उलटं घातलेलं खापर, सैल मळलेली कणीक, आत पुरण. तो गोळा ती दोन्ही हातांवर झुलवत मोठा करायची आणि एका झटक्यात खापरावर सोडायची. मी मोबाइलवर दोन-अडीच मिनिटांचा व्हिडिओ काढला. पुढच्या वर्षी आजी गेली. मग माझ्या आत्येबहिणीनं तो व्हिडिओ पाहून मांडे शिकायचं ठरवलं. चौथा मांडा फाटल्यावर ती वैतागून म्हणाली, "दादा, आजीचा हात खापरापासून किती वर आहे हेच समजत नाही यात. पुढं आहे का मागं आहे, तेही दिसत नाही."

एकाच घरात पुढच्या खोलीत खोली दाखवू शकणारा टीव्ही पडून होता आणि मागच्या अंगणात आजीचा सपाट व्हिडिओ निघत होता. या दोन गोष्टी एकमेकींना जोडता येतात हे आम्हाला कुणीही सांगितलं नाही. माझं भांडण त्याबद्दल आहे.

थ्रीडी टीव्ही का बुडाला, याचं तयार उत्तर तुम्ही ऐकलं असेल: लोकांना चष्मा नको होता, डोकं दुखायचं, ते एक फॅड होतं. कंपन्यांनीही हेच उत्तर सोयीनं पसरवलं, कारण त्यात दोष तुमच्या-आमच्या नाकाचा आणि डोळ्यांचा ठरतो. माझं म्हणणं वेगळं आहे. त्यांनी आपल्याला पाहायचं यंत्र विकलं आणि टिपायचं यंत्र लपवून ठेवलं. वर जिथं खोलीचा काही उपयोग नव्हता, नेमक्या त्याच गोष्टी दाखवल्या.

आधी हे प्रकरण किती जुनं आहे ते बघू. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यातून खोली तयार करतो, हे चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ साली दाखवून दिलं. तेव्हा फोटोग्राफी लोकांपर्यंत पोचलीही नव्हती. त्यानं हातानं काढलेल्या रेघांच्या आकृत्या वापरल्या. १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनानंतर भिंगांची पेटी आणि जोडचित्रांची कार्डं घराघरात गेली. टीव्हीचं तर आणखी गमतीचं आहे. जॉन लोगी बेअर्डनं चालता टीव्ही १९२६च्या जानेवारीत दाखवला आणि १९२८च्या ऑगस्टमध्ये थ्रीडी टीव्ही. दोन्हींत साधारण अडीच वर्षांचंच अंतर. म्हणजे टीव्हीच्या जन्मापासून ही गोष्ट त्याच्या शेजारी बसलेली आहे.

मग २००९च्या डिसेंबरात 'अवतार' आला आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पैसे चमकले. २०१०मध्ये थ्रीडी टीव्ही दुकानात आले, अमेरिकेत खेळांची थ्रीडी वाहिनी सुरू झाली, फुटबॉल विश्वचषकाचे काही सामने थ्रीडीत चित्रित झाले. त्याच वर्षी 'क्लॅश ऑफ द टायटन्स' आला. तो साध्या कॅमेऱ्यानं चित्रित केलेला होता आणि नंतर घाईघाईत काही आठवड्यांत त्याला खोली चिकटवली होती. तिकीट मात्र थ्रीडीचं. आपल्याकडे २०१३मध्ये महेश कोठारेंचा 'झपाटलेला २' थ्रीडीत आला आणि तात्या विंचू प्रेक्षकांच्या अंगावर धावला. त्याच वर्षी अमेरिकेतली ती खेळांची वाहिनी बंद झाली. बीबीसीनंही थ्रीडी कार्यक्रम थांबवले. २०१७पर्यंत मोठ्या कंपन्यांनी थ्रीडी टीव्ही बनवणंच सोडलं. सात वर्षांत खेळ खल्लास.

पण दाखवलं काय? मैदान आणि राक्षस. इथं थोडं गणित आहे, पण सोपं आहे. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं. समोरच्या वस्तूकडे डावा डोळा थोडा एका बाजूनं पाहतो, उजवा थोडा दुसऱ्या बाजूनं. या फरकातून खोली कळते. वस्तू दूर गेली की हा फरक नुसता कमी होत नाही, तो झपाट्यानं कोसळतो. अंतर दहापट झालं की तेवढ्याच खोलीचा फरक शंभरावा भाग उरतो. आत्ता करून बघा. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवा, जमता जमत नाही. मग एक डोळा मिटून दूरच्या मैदानावरची मॅच बघा, काही फरक पडत नाही. सीमारेषेबाहेर बसलेल्याला बॅट्समन आणि विकेटकीपर यांच्यातलं अंतर दोन डोळ्यांमुळे फारसं कळत नाही. ते कळतं आकारावरून, सावलीवरून, सवयीनं.

म्हणजे माणसाचं खोलीचं ज्ञान हाताच्या अंतरावर, ओट्याच्या, अंगणाच्या अंतरावर सगळ्यात तल्लख असतं. कणीक, सुई, पाळणा, चेहरा, विळी. आणि यांनी खोली विकली ती स्टेडियमच्या नावानं. तिथं ती दिसावी म्हणून दोन कॅमेरे एकमेकांपासून लांब ठेवावे लागत. तसं केलं की खेळाडू बाहुल्यांसारखे दिसत, जणू टेबलावर कुणी खेळणी मांडलीत. लोकांनी पाहिलं, म्हणाले, "ठीक आहे," आणि चष्मा काढून ठेवला. यात लोकांचं काय चुकलं?

त्याच काळात दोन भिंगांचे घरगुती कॅमेरे बाजारात होते, हे मला फार नंतर समजलं. फुजीफिल्मचा 'फाइनपिक्स रिअल थ्रीडी डब्ल्यू३' २०१०मध्ये निघाला होता. तो खिशात मावायचा, व्हिडिओ काढायचा आणि त्याच्या मागच्या पडद्यावर बिनचष्म्याची खोली दिसायची. सोनीनं २०११मध्ये घरगुती थ्रीडी कॅमकॉर्डर काढला. पण जाहिरात कशाची झाली? टीव्हीची. अकोल्याच्या दुकानात बाबांना कुणी म्हणालं नाही, की काका, या टीव्हीवर तुमच्याच घरातली माणसं अशी दिसू शकतात. ते वाक्य ऐकलं असतं, तर बाबांनी माशांकडे पाहिलंसुद्धा नसतं.

आता पुढचा अंक. २०२३च्या अखेरीला ॲपलनं आयफोन १५ प्रोवर 'स्पेशियल व्हिडिओ' आणला, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये तो पाहायला ३,४९९ डॉलरचं व्हिजन प्रो. म्हणजे या वेळी टिपायचं यंत्र दिलं, पण पाहायचं यंत्र तीन एकरांच्या कास्तकाराला स्वप्नातही न परवडणारं. त्यातून त्या फोनच्या दोन भिंगांतलं अंतर दोन सेंटीमीटरच्या आसपास. डोळ्यांतल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. नाव नवं, किंमत नवी, तत्त्व १८३८चं.

म्हणून माझं तुम्हाला सांगणं आहे: थांबू नका. हे काम दोन साध्या फोनांवर होतं. एकाच मॉडेलचे दोन फोन घ्या. घरात नसतील तर मित्राचा घ्या. ते उभे, एकमेकांना चिकटवून धरा किंवा रबरबँडनं पट्टीवर बांधा. फोनची रुंदी सात-साडेसात सेंटीमीटर असते, म्हणजे दोन कॅमेऱ्यांतलं अंतर जवळजवळ डोळ्यांएवढंच होतं. जुने जोडचित्रवाले एक ढोबळ नियम पाळतात: सगळ्यात जवळची वस्तू भिंगांमधल्या अंतराच्या तीसपट लांब असावी. आपल्या हिशेबात सव्वादोन मीटर. दोन्ही फोनांवर फोकस आणि उजेड लॉक करा, दोन्ही रेकॉर्डिंग सुरू करा आणि समोर एक टाळी वाजवा. नंतर कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये टाळी जुळवून डाव्या फोनचा व्हिडिओ डावीकडे आणि उजव्याचा उजवीकडे ठेवा.

पाहायचं कसं? फोनवर दोन चित्रं शेजारी ठेवून नजर पडद्याच्या पार, लांबवर सोडा. थोड्या वेळानं दोनाची तीन चित्रं होतात आणि मधल्या चित्रात खोली उतरते. नाही जमलं तर पुठ्ठ्याचा भिंगवाला डबा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. आणि कुणाच्या घरी आमच्यासारखा जुना टीव्ही पडून असेल, तर पेन ड्राइव्ह लावा आणि तेच बदनाम बटण दाबा. सासूचे दोन तुकडे करणारं बटण खरं तर याच कामासाठी होतं: शेजारी ठेवलेली दोन चित्रं घेऊन एक या डोळ्याला, एक त्या डोळ्याला वाटायची.

आक्षेप मला माहीत आहेत. डोकं दुखतं? दुखतं, काही जणांचं. डोळे पडद्यावर फोकस करतात आणि नजर मात्र पडद्याच्या पुढं-मागं जुळवावी लागते, त्या ओढाताणीनं थकवा येतो. तीन तासांच्या सिनेमात तो जाणवतो, दोन मिनिटांच्या मांड्यात नाही. वस्तू नाकावर फेकून मारायची हौस सोडली की निम्मा त्रास तसाही जातो. काहींच्या डोळ्यांना अशी खोली दिसतच नाही, हेही खरं. त्यांच्यासाठी डावा व्हिडिओ एकटा लावा, साधा व्हिडिओ आहेच. दोन फोनांची चित्रं अगदी एका क्षणाची नसतात, त्यामुळे फार वेगानं हलणाऱ्या गोष्टी थोड्या थरथरतात. मान्य.

पण एक आक्षेप मला चिडवतो. माझा एक मित्र म्हणाला, "आठवण सपाट असली तरी आठवणच असते. खोली कशाला पाहिजे?" तुझ्या पोराचं पहिलं पाऊल, ठीक आहे, सपाट चालेल. पण हाताचं कसब सपाट चालत नाही. मांडा किती झुलवायचा, दोर वळताना बोट कुठं वळतं, पोळ्याला बैलाच्या शिंगावर बेगड कशी बसवतात, हे सगळं पुढं-मागंच्या अंतरात आहे. लिहिताना ते निसटतं, सपाट व्हिडिओतही निसटतं. आपल्या भागात अशी हातं भराभर कमी होत आहेत. त्यांच्याबरोबर जे जातं ते कुठल्याच क्लाऊडवर नाही.

वस्तूंचंही तसंच. आमच्या शेजारच्या अकोट तालुक्यात नरनाळ्याचा किल्ला आहे. त्याचा पंधराव्या शतकातला महाकाली दरवाजा पाहा: कोरलेली कमळं, अरबी लिपीतला शिलालेख, बाजूचे सज्जे, दगडाची जाळी. त्या दरवाजासमोर हजारो सेल्फी निघतात. एकाही सेल्फीत कमळ दगडातून किती वर उठलंय ते कळत नाही. दगड हलत नाही, त्यामुळे तिथं दुसरा फोनही नको. एक फोटो काढा, एक पाऊल उजवीकडे सरका, दुसरा काढा. दहा मीटरवरून तीसेक सेंटीमीटर सरकणं पुरतं. झालं जोडचित्र.

गेल्या दिवाळीत आम्ही आत्याला मांडे करायला बसवलं. आता ते एकट्या तिलाच नीट येतात. दोन फोन पट्टीवर बांधले, टाळी वाजवली. रात्री बाबांनी ड्रॉवरमधून चष्मे काढले. बिनबॅटरीचे, पोलराइज्ड काचांचे, त्यामुळे बारा वर्षांनंतरही तसेच चालू. एकाची दांडी तुटलेली होती, ती दोऱ्यानं बांधली. बटण दाबलं. खापर पडद्याच्या आत गेलं, आत्याचे हात अलीकडे आले आणि कणीक मधल्या हवेत झुलायला लागली.

आत्येबहीण पुढं सरकून बसली. "एक वीत," ती म्हणाली. "हात खापराच्या एक वीत वर आहे. मी पार टेकवत होते."

आत्या चष्मा लावून स्वतःलाच पाहत होती. म्हणाली, "अन् बाईचं असं काहून नाही काढलं रे तुम्ही?"

आत्या आजीला बाई म्हणायची. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून हा लेख लिहिला. तुमच्या घरी अजून कुणी चुलीपुढं, मागापुढं, विळीपुढं बसत असेल, तर या रविवारी दुसरा फोन मागून आणा.