अळी दगावते, विषाणूचे नाव कळत नाही

जालन्याच्या बाजार समितीत २०१८ मध्ये रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि कोष विकायला कर्नाटकातील रामनगरला जाण्याची अनेकांची खेप वाचली. अंडीपुंज, चॉकी, बॅच हे शब्द आता इथल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. एका बॅचचे गणित जेमतेम महिनाभराचे. ते बिघडते तेव्हा अळी पाला सोडते, मऊ पडते, सडते. कशाने, असे विचारले तर उत्तर येते, ‘फ्लॅचरी’.

हे उत्तर म्हणजे दवाखान्यात ‘ताप आलाय’ म्हणण्यासारखे आहे. फ्लॅचरी हा एक रोग नाही. तिच्यामागे जिवाणू असतात, उष्मा असतो, ओला पाला असतो आणि आरएनए विषाणूही असतात. त्यातला एक विषाणू पोलिओ आणि ‘अ’ काविळीच्या विषाणूंचा लांबचा भाऊबंद आहे. दुसरा, सायपोव्हायरस, रोटाव्हायरसच्या गोतातला. तो अळीच्या आतड्यात वाढतो, विष्ठेतून पाल्यावर येतो आणि पाल्याबरोबर दुसऱ्या अळीच्या पोटात जातो. बालरोग वॉर्डात जुलाबाने मलूल झालेल्या तान्ह्या बाळाच्या आतड्यातही रोटाव्हायरस असाच वाढतो आणि असाच पसरतो. तिथे साबणाने हात धुवा म्हणायचे, इथे चुना आणि ब्लीचिंग पावडर. अळीच्या या विषाणूंपासून माणसाला धोका नाही, हे आत्ताच सांगितलेले बरे. नाहीतर उद्या कोणी पैठणी नेसायला घाबरायचे.

लुई पाश्चरने १८६५ नंतर दक्षिण फ्रान्समध्ये रेशीम अळीच्या रोगांवर काम केले. पेब्रीन आणि फ्लॅचरी वेगवेगळे आहेत हे त्याने दाखवले, पण विषाणू ही गोष्टच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती. पुढेही दीडशे वर्षे रीत तीच राहिली: आधी आजारी जीव, मग त्याचा विषाणू. २०१६ मध्ये चिनी आणि ऑस्ट्रेलियन संशोधकांनी ती उलटवली. कीटक, कोळी, जळवा आणि समुद्रातले खेकडे, कोळंबी, शिंपले अशा २२० हून अधिक प्रजातींतले सगळे आरएनए त्यांनी सरसकट वाचून काढले. एका अभ्यासात १,४४५ नवे विषाणू निघाले. काही इतके वेगळे होते की ज्ञात कुळांत त्यांना जागाच नव्हती. पाठीचा कणा नसलेले हे प्राणी म्हणजे आरएनए विषाणूंचे मोठे माहेरघर आहे आणि त्यातले बरेच तिथे फारसा गाजावाजा न करता नांदतात.

माणसांना खाटा पुरत नसताना अळ्यांचे विषाणू कशाला मोजायचे, हा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर चांदीपुराचे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरात तापाच्या दोन रुग्णांत हा आरएनए विषाणू पुण्याच्या शास्त्रज्ञांना सापडला. पुढे तो वाळूमाशीतही मिळाला. तरी तो पुस्तकातली तळटीप होऊन राहिला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात आणि आपल्या राज्यात मुले मेंदूज्वराने दगावली तेव्हा ती तळटीप पुन्हा उघडली गेली. २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा तेच. लस नाही, नेमके औषध नाही. एकोणसाठ वर्षांत वाळूमाशीवर सातत्याने नजर ठेवली असती तर निदान वेळेचा फायदा मिळाला असता.

कोरोनाने आरटीपीसीआर यंत्रे जिल्ह्यापर्यंत आणली. पण आरटीपीसीआरला ज्या विषाणूबद्दल विचारावे तेवढेच ते सांगते. अनोळखी विषाणूसाठी सगळे आरएनए वाचावे लागते आणि ती सोय मोठ्या संस्थांकडेच आहे. जालन्यातून तिथे नमुने जायला हवेत: वाया गेलेल्या बॅचमधल्या अळ्यांचे, संगोपनगृहाजवळच्या डास-माश्यांचे आणि चांगल्या पिकलेल्या बॅचचेही. शेवटचा नमुना सर्वांत महत्त्वाचा, कारण निरोगी अळीत काय नांदते हे माहीत नसेल तर मेलेल्या अळीत सापडलेल्या विषाणूवर आळ घ्यायचा कशाच्या आधारावर? रेशीम कार्यालय, पशुसंवर्धन आणि आरोग्य विभाग यांनी एकत्र बसून हे ठरवता येईल. सध्या रोगट अळ्या चुना टाकून खड्ड्यात पुरल्या जातात.